पडदा का लागला? देवाचा दिवस, देवाचं वर्ष आणि सणांच्या दोन तारखा

मावशी जामनेरहून आली होती. तिला काळारामाचं दर्शन घडवायचं म्हणून सकाळची कामं आटपून आम्ही दोघं नाशिकच्या पंचवटीत पोहोचलो. सभामंडपातली रांग पुढे सरकली, आमच्यापुढे चार माणसं उरली आणि गाभाऱ्याचा पडदा लागला. आतून घंटेचा बारीक आवाज येत राहिला. मागे उभ्या असलेल्या एका तरुणाचा पारा चढला. "सिंहस्थाला लाखो लोक येणार म्हणतात, आणि इथे भर दिवसा दर्शन बंद? काही नियोजन आहे की नाही?" मावशी मागे वळून म्हणाली, "अरे बाबा, जेवायला बसलाय तो. दोन घास तरी सुखानं खाऊ दे."

तरुण गप्प झाला, पण त्याचं समाधान झालेलं नव्हतं. त्याचा प्रश्न चुकीचाही नाही. सिंहस्थाच्या, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्याच्या, ध्वजारोहणाची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली आहे. २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला मुख्य स्नानं आहेत. त्या दिवसांत नाशिकला येणारा माणूस विचारणारच, की देऊळ दुपारी बंद का, पालखी सोमवारीच का, आणि आमच्या गावच्या कॅलेंडरात सण काल होता तर तुमच्याकडे आज कसा? हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण त्यांची उत्तरं एकाच ठिकाणी निघतात. मावशीच्या त्या वाक्यात ती जवळपास सगळी आलेली आहेत.

मूर्ती ठेवलेली नसते, राहायला आलेली असते

संग्रहालयातली मूर्ती आणि देवळातली मूर्ती एकाच खाणीच्या दगडाची असू शकते, कारागीरही एकच असू शकतो. फरक करतो तो एक विधी, प्राणप्रतिष्ठा. या विधीनंतर मूर्ती ही वस्तू राहत नाही, ती जिवंत व्यक्ती मानली जाते.

हे समजायला देवळात जायचीही गरज नाही. घरचा गणपती आठवा. चतुर्थीला सकाळी पाटावर आणून ठेवलेली शाडूची मूर्ती प्राणप्रतिष्ठेपर्यंत मूर्तीच असते, तिच्या सोंडेचा रंग कसा आहे यावर आपण बोलतो. प्रतिष्ठा झाली की घराचा नूर पालटतो. सगळ्यांनी मिळून कुलूप लावून बाहेर जायचं नाही, रात्री समईजवळ कुणीतरी असायचं, सकाळ-संध्याकाळ आरती, जे घरात शिजेल ते आधी त्याच्यापुढे. मग उत्तरपूजा होते, मूर्ती जागची किंचित हलवतात आणि पाहुणा निघाला असं आपण म्हणतो. त्यानंतरच ती विसर्जनाला उचलता येते.

देवळात उत्तरपूजा नसते. पाहुणा दीड दिवसाचा किंवा दहा दिवसांचा नसून कायमचा रहिवासी आहे. म्हणूनच घरच्या गणपतीच्या पूजेत 'आवाहयामि' म्हणून देवाला बोलावतात आणि शेवटी निरोप देतात, पण देवळातल्या स्थिर मूर्तीच्या रोजच्या पूजेत या दोन्हींची गरज मानलेली नाही. जो घरातच आहे त्याला रोज बोलवायचं कशाला?

ही कल्पना नुसती भाविकांची राहिलेली नाही. भारतीय न्यायालयांनी प्रतिष्ठित देवतेला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानलं आहे. देवाच्या नावावर जमीन असते, देवाच्या वतीने दावा लावता येतो, आणि त्याचा कारभार पाहणारा माणूस हा मालक नसून व्यवस्थापक असतो. महाराष्ट्रात देवस्थान इनाम जमिनींच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव लागलेलं खेड्यातल्या कुणीही पाहिलेलं असेल. महसुलाच्या भाषेत या जमिनींना वर्ग ३ चं इनाम म्हणतात. त्यांच्या उत्पन्नातून दिवाबत्ती आणि नैवेद्य चालावा, असा त्या इनामांचा हेतू होता.

पहाटेपासून शेजेपर्यंत

राहणारा माणूस म्हटला की त्याला उठणं, अंघोळ, कपडे, जेवण, विश्रांती, भेटीगाठी आणि झोप हे आलंच. देवळाचं वेळापत्रक एवढंच असतं. फक्त प्रत्येक गोष्टीला मंत्र आणि नाव आहे.

पहाटे भूपाळी म्हणून देवाला उठवतात. मग काकड आरती. काकडा म्हणजे कापडाची पीळ दिलेली जाड वात, तुपात किंवा तेलात भिजवून पेटवलेली. विजेचे दिवे नसलेल्या काळात अंधाऱ्या गाभाऱ्यात रात्रीनंतर पहिल्यांदा देवाचं मुख दिसायचं ते या उजेडात. थंडीच्या दिवसांत पंचवटीत काकड्याला उभं राहिलेल्या माणसाला त्या उजेडाचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

सकाळी मुख्य पूजा. तिला षोडशोपचार म्हणतात. उपचार म्हणजे घरी आलेल्या थोर माणसाचं आपण जे जे करतो ते. बसायला आसन द्यायचं, पाय धुवायला पाणी, हात धुवायला पाणी, प्यायला पाणी, स्नान, वस्त्र, जानवं, गंध, फूल, धूप, दिवा, जेवण, आणि पुढे प्रदक्षिणा, नमस्कार वगैरे. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात १६ ऋचा आहेत, आणि एका ऋचेला एक उपचार अशी सांगड घातलेली आहे. वेळ किंवा ऐपत नसेल त्याच्यासाठी गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य एवढ्या पाचांची पंचोपचार पूजाही तितकीच मान्य. आपल्या घरातली रोजची देवपूजा बहुधा हीच असते.

आता पडदा. नैवेद्य ठेवताना पानाखाली पाण्याने चौकोनी मंडल काढतात, पानाभोवती पाणी फिरवतात आणि 'प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा' असं म्हणत पाच प्राणांना घास देतात. पूर्वी जेवायला बसणारा माणूस स्वतःसाठी हेच म्हणत असे. कुणी जेवत असताना त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहू नये हे आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं. गाभाऱ्याला पडदा लागतो तो याच संकोचाने. जेवणानंतर हात धुवायला पाणी, मुखशुद्धीला विडा. काही देवळांत दुपारी थोडी विश्रांती. संध्याकाळी पुन्हा धूप आणि आरती, आणि रात्री शेजारती. शेज म्हणजे बिछाना. गादी घालायची, दुधाचा नैवेद्य, आणि दार लावून घ्यायचं.

प्रत्येक देवळाची तऱ्हा वेगळी असते हे मान्य. त्र्यंबकेश्वरात त्रिकाल पूजेची रीत आहे आणि शिवाच्या पूजेत अभिषेकाला मोठं स्थान आहे. रामाच्या देवळात वस्त्र, अलंकार आणि नैवेद्याचा थाट जास्त. वेळाही पुढेमागे होतात. पण उठणं, न्हाणं, जेवणं, झोपणं हा गाभा सगळीकडे सापडतो.

देवाला भूक लागते का?

हा आक्षेप आजचा नाही आणि नास्तिकांचाच आहे असंही नाही. संतांनी तो कितीदा विचारला आहे. जो सगळ्या जगाला जेवू घालतो त्याला आपण काय वाढणार?

मला पटलेलं उत्तर पितृपक्षातल्या पानाचं आहे. आजोबांना आवडायची म्हणून आजी त्यांच्या तिथीला आळूची भाजी करायची. पान वाढून ठेवायची आणि थोडा वेळ बाजूला होऊन बसायची. आजोबा येऊन जेवणार आहेत असा तिचा हिशेब नव्हता. पण भाजीत चिंच कमी पडलेली तिला चालत नसे. आपल्या मनातलं प्रेम नुसतं हवेत ठेवता येत नाही, त्याला काहीतरी काम लागतं. देवळातले उपचार हे असं प्रेमाला दिलेलं काम आहे. ज्याला ते पटत नाही त्याच्यासाठी हात जोडून उभं राहणं पुरेसं आहे. दोघेही एकाच रांगेत उभे असतात आणि कुणी कुणाला हटकत नाही.

नैवेद्य शेवटी माणसंच खातात ही तक्रार मात्र मला कधी तक्रार वाटली नाही. माणसांनी खावा म्हणूनच त्याला प्रसाद म्हणतात.

दोन मूर्ती कशासाठी?

गाभाऱ्यातली मुख्य मूर्ती हलत नाही. काळारामाच्या राम, लक्ष्मण, सीता या काळ्या पाषाणाच्या मूर्ती जागेवरून कधीच बाहेर पडत नाहीत. मग देव गावात कसा येतो? त्यासाठी लहान, नेता येण्याजोगी उत्सवमूर्ती किंवा मुखवटा असतो. ज्यांना चालवत नाही, ज्यांना येता आलं नाही, त्यांच्या दारावरून जाण्यासाठी.

त्र्यंबकेश्वरात दर सोमवारी देवाचा पंचमुखी मुखवटा पालखीतून कुशावर्त तीर्थावर जातो, तिथे स्नान होतं आणि पालखी परतते. आत ज्योतिर्लिंगाच्या जागी खोलगट भागात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू, महेश. गर्दीत कितीतरी लोकांना ती नीट दिसतही नाहीत. पालखीतला मुखवटा मात्र रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोरालाही दिसतो. नाशिकमध्ये रामकुंडाजवळच्या कपालेश्वराची पालखीही सोमवारीच निघते. या देवळात शिवासमोर नंदी नाही, म्हणून दूरदूरचे लोक ते मुद्दाम पाहायला येतात.

सण म्हणजे त्याच दिवसाचा एक प्रहर, मोठा केलेला

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. सणाच्या दिवशी देवळात काहीतरी वेगळंच चालतं असं वाटतं, पण नीट पाहिलं तर रोजच्या दिवसातला एखादा प्रहर त्या दिवशी फुगून सगळ्या दिवसावर पसरलेला असतो.

रामाचा जन्म माध्यान्हीचा. म्हणून रामनवमीला रोजची दुपारची पूजा हाच उत्सव होतो. कीर्तनकार जन्माच्या अभंगापर्यंत येतात, बारा वाजतात, पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. हनुमानाचा जन्म सूर्योदयाचा, म्हणून त्याच्या जयंतीला पहाट मोठी होते. कृष्ण मध्यरात्रीचा. नृसिंह तिन्हीसांजेचा, ना दिवस ना रात्र. महाशिवरात्रीला रात्रच चार यामांत वाटून चार वेळा पूजा होते. एरवी शेजारतीनंतर जी रात्र देवाच्या झोपेत जाते, ती त्या दिवशी जागते.

काळारामाचा चैत्रातला उत्सव गुढीपाडव्यापासून सुरू होतो. पुजारी घराण्यात पाळी असते, ज्यांची पाळी ते त्या वर्षीचे मानकरी आणि उत्सवाचे दिवस ते व्रतस्थ राहतात. नवमीनंतर दोन दिवसांनी, कामदा एकादशीला, रथोत्सव निघतो. पुढे गरुडरथ, मागे रामरथ. मानकरी बुवा रामरथाच्या पुढे, पण देवाकडे तोंड करून, उलट्या पावली चालतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं हा चालण्याचा काही नवस आहे. कारण साधं आहे. देवाला पाठ दाखवायची नाही. रोज गाभाऱ्यातून बाहेर पडताना आपण दोन पावलं मागे सरकतो आणि मग वळतो, तीच रीत इथे सबंध मार्गभर चालते. अवजड रथ, गर्दी, अरुंद गल्ल्या, आणि एक माणूस मागे न पाहता मागे चाललेला. त्याला सावरणारे हात त्याच्या दोन्ही बाजूंना असतात.

रथ ओढण्याचा आणि धुरा सांभाळण्याचा मान तालमींकडे आहे, गरुडरथाचा अहिल्याराम व्यायामशाळेकडे आणि रामरथाचा रास्ते आखाडा तालीम संघाकडे. रामरथ गोदावरी ओलांडत नाही, तो पंचवटीच्या बाजूलाच थांबतो. गरुडरथ पलीकडे जाऊन जुन्या नाशकात फिरून येतो. मग उत्सवमूर्तींना गोदावरीत अवभृथस्नान घडतं. अवभृथ म्हणजे यज्ञ पुरा झाल्यावरची अंघोळ. म्हणजे इथेही पुन्हा रोजचाच उपचार, स्नान. फक्त तांब्याऐवजी नदी.

वर्ष म्हणजे सुद्धा एक दिवस

आता हेच चित्र आणखी लांबून पाहा. आषाढ शुद्ध एकादशीचं नाव शयनी, म्हणजे देव झोपण्याची. कार्तिक शुद्ध एकादशी प्रबोधिनी, म्हणजे उठण्याची. आषाढी ही वर्षाची शेजारती आणि कार्तिकी ही वर्षाची काकड आरती. म्हणूनच कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी महिनाभर काकडा चालतो. मधले चार महिने विष्णू झोपेत, तेव्हा जगाचा कारभार शिवाकडे असतो अशी श्रद्धा. कार्तिकीनंतर तीन दिवसांनी, वैकुंठ चतुर्दशीला, चार्ज परत द्यायचा. नाशकात गोदावरीच्या एका तीरावर कपालेश्वर आणि दुसऱ्या तीरावर विष्णूचं देऊळ, सुंदरनारायण. त्या रात्री हरिहरभेट होते. एरवी विष्णूला तुळस आणि शिवाला बेल. त्या रात्री मात्र विष्णूला बेल आणि शिवाला तुळस. रजेवरून आलेल्या माणसाने खुर्ची सांभाळणाऱ्याला स्वतःच्या डब्यातलं काहीतरी द्यावं, तसं मला ते वाटतं.

दुसरा एक हिशेब सूर्याचा आहे. त्यात उत्तरायण हा देवांचा दिवस आणि दक्षिणायन ही रात्र. मग संक्रांतीच्या आधीचा महिना, सूर्य धनु राशीत असतानाचा, हा देवांचा पहाटेचा प्रहर ठरतो. धुंधुरमासात उजाडण्याच्या आतच बाजरीची भाकरी, लोणी, मुगाच्या खिचडीचा नैवेद्य दाखवून जेवायचं ते यामुळे. चंद्राचा आणि सूर्याचा असे हे दोन हिशेब एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि परंपरेने ते जुळवण्याचा अट्टहासही केलेला नाही.

ऋतूही देवाला लागतात. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात, आणि थंडीत शाल व कानपट्टी.

मग सणाच्या तारखा दोन कशा होतात?

२०२५ ची दिवाळी आठवा. अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि २१ च्या संध्याकाळी संपली. उत्तरेत अनेक ठिकाणी लक्ष्मीपूजन २० तारखेला झालं, महाराष्ट्रातल्या पंचांगांनी २१ दिली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ. 'पंचांगवाल्यांना गणित येत नाही का?' गणित दोघांचंही बरोबर होतं.

तारीख मध्यरात्री बदलते. तिथीचा मध्यरात्रीशी संबंध नाही. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी आजोबा आणि नातू फेऱ्या मारताहेत असं समजा. आजोबा म्हणजे सूर्य, सावकाश. नातू म्हणजे चंद्र, पळणारा. दोघं एका रेषेत आले की अमावास्या. तिथून नातू आजोबांच्या पुढे जात राहतो. पूर्ण वर्तुळाचे ३० सारखे भाग केले, तर तो १२ अंशांचा एकेक भाग पुढे गेला की एक तिथी संपते. नातू मैदानाच्या बरोबर समोरच्या बाजूला पोहोचला की पौर्णिमा, आणि पुन्हा आजोबांना गाठलं की पुढची अमावास्या.

नातवाचा वेग सारखा नसतो, आणि आजोबांचाही अगदी सारखा नसतो. म्हणून एखादी तिथी २० तासांत आटोपते, एखादी २७ तासांपर्यंत लांबते. ती सकाळी लागेल, दुपारी लागेल, रात्री पावणेतीनलाही लागेल.

दिवसाला तिथीचं नाव मात्र सूर्योदयाला मिळतं, शाळेत प्रार्थनेच्या वेळी हजेरी घेतात तसं. हजेरीला जी तिथी हजर तिचं नाव सबंध दिवसाला. एखादी तिथी सूर्योदयानंतर आली आणि पुढच्या सूर्योदयाआधी गेली तर तिची हजेरीच लागत नाही, तिला क्षय म्हणतात. एखादी दोन सूर्योदयांना सापडते, तिला वृद्धी.

आता मागचा भाग आठवा. प्रत्येक सण देवाच्या दिवसातल्या एका प्रहराला बांधलेला आहे. म्हणून सणाचा दिवस ठरवताना सूर्योदयाची हजेरी पुरत नाही, ती तिथी नेमक्या त्या प्रहराला हजर हवी. रामनवमीला नवमी दुपारी हवी, गणेश चतुर्थीला चतुर्थी दुपारी, शिवरात्रीला चतुर्दशी मध्यरात्री. लक्ष्मीपूजनाला अमावास्या प्रदोषाला हवी. प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचा थोडा काळ. तिथी त्या प्रहराला एकाच दिवशी सापडली तर प्रश्न मिटला. दोन दिवसांवर विभागली गेली, किंवा कडेला जेमतेम स्पर्श करून गेली, की कुठल्या दिवसाला झुकतं माप द्यायचं यावर धर्मशास्त्राच्या ग्रंथांत मतं आहेत आणि प्रदेशागणिक मान्य ग्रंथ वेगळे. एकादशीला 'स्मार्त' आणि 'भागवत' असे दोन दिवस कॅलेंडरात दिसतात तेही यातूनच. वारकऱ्यांची एकादशी भागवत, दशमीचा स्पर्श झालेली एकादशी ते धरत नाहीत.

राहिला अधिक मास. बारा चांद्रमहिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात, सौर वर्ष ३६५ चं. दरवर्षी ११ दिवसांची तूट पडते. तसंच चालू दिलं तर काही वर्षांत दिवाळी भर पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्त धरून तूट भरून काढतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आलेली गणेश चतुर्थी २०२६ ला १४ सप्टेंबरवर गेली. अधिकात सण नाहीत, पण रामकुंडावर स्नानाला रीघ असते आणि घरोघरी जावयासाठी ३३ अनारसे मोजले जातात.

सिंहस्थाचं गणित याहून सोपं. गुरू हा ग्रह सूर्याभोवती एक फेरी मारायला १२ वर्षांहून थोडासा कमी वेळ घेतो. तो सिंह राशीत आला की सिंहस्थ. २००३, २०१५ आणि आता २०२७.

'परंपरा आहे' म्हटलं की प्रश्न संपतो का?

नाही. आणि हे नाशिकच्या माणसाने तरी विसरू नये.

ज्या रथोत्सवाबद्दल मी वर इतक्या मायेने लिहिलं, त्याच रथावरून या शहरात दगड पडले आहेत. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. इथली धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. देवळाची दारं बंद करून घेण्यात आली. पुढच्या महिन्यात रथोत्सव आला, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या लोकांनीही रथाला हात लावायचा अशी तडजोड ठरली होती. ती मोडली, मारामारी झाली. सत्याग्रह मध्ये थांबत, पुन्हा पेटत सुमारे पाच वर्षं चालला, दारं उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही.

मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्ये झाला आणि १९५० च्या संविधानाने अस्पृश्यताच नष्ट केली. देवाचा दिवस त्यानंतरही तसाच चालला. काकड आरती थांबली नाही, नैवेद्य थांबला नाही, कुठलाही उपचार अपुरा राहिला नाही. जे अडवलं होतं ते षोडशोपचारांतल्या एकाही उपचारासाठी गरजेचं नव्हतं. देवाची सेवा आणि माणसांची वहिवाट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वहिवाटीला 'शास्त्र' म्हणून पुढे केलं जातं तेव्हा विचारावं, यातला कोणता उपचार मोडतो?

सेवेच्या रीतीही गरज पडली की बदलतात. सप्तशृंगगडावर देवीच्या मूर्तीवर वर्षानुवर्षांच्या शेंदराचा जाड थर साचला होता. २०२२ मध्ये देऊळ दर्शनासाठी काही आठवडे बंद ठेवून तो उतरवला, मूळ रूप उजेडात आलं आणि नवरात्रात दर्शन पुन्हा सुरू झालं. शेंदूर लावणं हाही उपचारच होता. मूर्तीचं जतन त्याहून मोठं ठरलं.

सिंहस्थात चोवीस तास उघडं ठेवा, ही मागणी

रांगेतल्या त्या तरुणाकडे परत येतो. लाखो लोक येणार असतील तर देवाच्या झोपेसाठी त्यांनी बाहेर थांबायचं का?

याचं उत्तर पंढरपूरने कधीच देऊन ठेवलं आहे. आषाढी आणि कार्तिकीच्या यात्रेत विठ्ठलाचं दर्शन चोवीस तास खुलं असतं. पण ते नुसतं दार उघडं टाकून होत नाही. आधी मुहूर्त पाहून शेजघरातून देवाचा पलंग काढतात. देव आता झोपणार नाही, भक्तांसाठी उभा राहणार, हे अशा रीतीने जाहीर होतं. काकड आरती, शेजारती असे राजोपचार त्या काळात बंद. उभं राहून पाठीला शीण होऊ नये म्हणून देवामागे मऊ तक्क्या देतात. यात्रा ओसरली की प्रक्षाळपूजा होते. पाय लिंबू-साखरेने चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, रात्री औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात, आणि पलंग परत जागेवर येतो.

गर्दीची सोय आणि देवाची दिनचर्या यांत तिथे कुणाला एक निवडावं लागलं नाही. म्हणून कुंभाच्या काळात एखाद्या देवळाचं दार रात्रभर उघडं ठेवायचं ठरलं, तर माझी हरकत नाही. फक्त तो निर्णय बंदोबस्ताच्या कागदावर वेळ वाढवून होऊ नये. आधी शेज काढा, लोकांना सांगा की ती का काढली, आणि शेवटची रांग संपली की देवाचे पाय चोळायलाही कुणीतरी असू द्या.

त्या दिवशी पडदा उघडायला फार वेळ लागला नाही. मावशीने दर्शन घेतलं, दोन पावलं मागे सरकली, आणि मग वळली. तो तरुण तिच्या मागेच होता. त्याला तिने वाट करून दिली आणि म्हणाली, "जा आता. झालंय जेवण."